माझी वहिनी माणसं जमवते

रस्त्यात भेटलेला एखादा माणूस माझ्या वहिनीला सहज म्हणून गेला, "हल्ली काय, वेळच वेळ आहे," की मी मनात म्हणते, गेला बिचारा. पुढच्या शनिवारी तो एप्रन बांधून रंगाच्या वाट्या विसळताना दिसतो.

मुलांना फुकट चित्रकला शिकवणाऱ्या एका संस्थेत ती कामाला आहे. तिथे पगारी माणसं दोनच, ती आणि संचालकबाई. बाकी सगळे स्वयंसेवक. त्यांना शोधून आणायचं आणि आणल्यावर टिकवायचं, हे वहिनीचं काम. जागा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक अडगळीची खोली. खाली टायर बदलतात, वर मुलं समुद्र रंगवतात आणि समुद्राला रबराचा वास येतो. जिन्याशी पाटी आहे : 'स्वयंसेवक हवेत. अनुभवाची अट नाही.' त्या पाटीने आजवर एकच माणूस वर आणला, आणि तोही टायरवाला कुठे बसतो ते विचारायला आला होता. वहिनीने त्यालाही सोडलं नाही. दोन वर्षं टिकला तो.

तिची पद्धत ठरलेली आहे. 'स्वयंसेवक व्हाल का' असं ती जन्मात कुणाला विचारत नाही. ती म्हणते, "जरा दहा मिनिटं येता का? एक टेबल हलवायचंय." दहा मिनिटांना नाही कोण म्हणणार? मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांची खोटी कारणं ऐकते, तेव्हा मला तरी शहाणपण असायला हवं होतं. पण तिची सख्खी नणंद असून मीही टेबल हलवायला गेले. त्याला आता सव्वा वर्ष झालं. दर शनिवारी ब्रश मी धुते.

गळाला लावणं सोपं हो, पुढे निस्तरणं कठीण. कॉलेजची पोरं प्रमाणपत्रापुरती येतात आणि तिसऱ्या शनिवारी गायब होतात. एक फोटोवाल्या बाई आहेत. त्या येतात, एखाद्या मुलाच्या मागे वाकून उभ्या राहतात, मोबाईल कुणाच्या तरी हातात देतात, फोटो झाला की निघतात. वहिनी त्यांनाही दारापर्यंत सोडायला जाते. "अगं, येतात तरी," म्हणते. शिवाय फोन आहेतच. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाला वर्गात कुणी 'थँक्यू' म्हटलं नाही, सगळं आमच्या जेवणाच्या ताटावर येऊन पडतं. एकदा दादा वैतागून म्हणाला, "माझंही नाव घाल तुझ्या यादीत, म्हणजे मला पण विचारशील कसा आहेस म्हणून." तिने लगेच घातलं. आता तो कपाटांच्या फळ्या ठोकून देतो, आणि त्याला कसा आहेस म्हणून अजून कुणी विचारलेलं नाही.

संचालकबाई मध्यंतरी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एक मोठं चक्र घेऊन आल्या. 'स्वयंसेवकाचा प्रवास.' स्वागत, रुजवण, बहर, निरोप, आणि मधे गोल फिरणारे बाण. ते चक्र भिंतीवर लागलं. खरं तर आमचे स्वयंसेवक जिन्यापासून चहापर्यंत आणि चहापासून जिन्यापर्यंत एवढाच प्रवास करतात, पण बाईंना बाणांचा फार अभिमान.

चक्राच्या बाजूला नियम आहेत, नऊ. चौथा नियम असा की स्वयंसेवकाने मुलाच्या चित्राला हात लावायचा नाही. पेन्सिल नाही, ब्रश नाही, खोडरबरसुद्धा नाही. नियम वाईट नाही हं. पूर्वी एक निवृत्त हेडमास्तर मुलांची चित्रं 'जरा नीट' करून द्यायचे, आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनात चाळीस मुलांचे चाळीस कोंबडे एकाच बाजूला तोंड करून उभे होते. तेव्हापासून हात लावायचा नाही, चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, "तुझ्या चित्रात काय चाललंय, सांगतेस?" आणि उत्तर ऐकून घ्यायचं.

हे सगळे नियम अक्षरशः पाळणारा माणूस एकच, आमचे लिफ्टवाले काका. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ते ज्या लिफ्टमधून माणूस सोडवायला गेले, त्यात नेमकी वहिनी अडकली होती. पाऊण तास कोंडून ठेवलेली बाई बाहेर आल्यावर पाणी मागते. हिने विचारलं, "काका, शनिवारी दहा मिनिटं येता का?"

त्याला सहा वर्षं झाली. एक शनिवार चुकला नाही. सगळ्यांच्या आधी येतात, पेन्सिलींना टोक काढतात, डुगडुगणाऱ्या स्टूलांचे स्क्रू आवळतात. वर्ग सुरू झाला की दोन्ही हात पाठीमागे धरून मुलांच्या मधून फिरतात. बोलणं नाहीच. पण चित्रं अशी बघतात की मुलं आपण होऊन कागद त्यांच्याकडे वळवतात. वहिनी म्हणायची, "हे एक असले की बाकी दहा पळाले तरी चालतील."

त्या शनिवारी एक छोटी मुलगी रडायला लागली. तिचं घर पडत होतं. कागदावरचं घर, डावीकडे कललेलं आणि अधांतरी. "पडतंय, पडतंय," करून तिने वर्ग डोक्यावर घेतला. काका तिच्याशेजारी खाली बसले. एक हात पुढे आला, निळा खडू उचलला आणि घराखाली एक आडवी रेघ ओढली. सरळ, पट्टीने आखावी तशी. मुलगी गप्प झाली. नाक पुसून म्हणाली, "आता राहिलं." काकांनी खडू जागेवर ठेवला आणि हात मागे घेतले.

फोटोवाल्या बाईंचा मोबाईल नेमका तेव्हाच चालू होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो संस्थेच्या पानावर गेला आणि सोमवारी सकाळी संचालकबाईंनी वहिनीला बोलावलं.

"त्यांना निरोप द्या," त्या म्हणाल्या. "प्रेमाने द्या. चक्रात तो टप्पा आहेच."

"मॅडम, एक रेघ ओढली हो."

"आज रेघ, उद्या कोंबडा. शनिवारपर्यंत सांगा त्यांना. नाहीतर मला समितीत सांगावं लागेल की स्वयंसेवक तुम्हाला आवरत नाहीत."

वहिनी घरी आली ती तोंड पाडून. हजार माणसांना 'या' म्हणालेली बाई, पण 'येऊ नका' असं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. मी काका व्हायचं, लसूण सोलत ऐकायचं.

"काका, तुमच्या इतक्या वर्षांच्या योगदानाबद्दल संस्था आपली..." आणि तिथेच गाडी अडायची.

चौथ्या दिवशी माझं डोकं सणकलं. "तूच का सांगायचं? त्या बाईंना सांगू दे की. चक्र त्यांचं, टप्पा त्यांचा."

"मीच आणलं ना त्यांना," ती म्हणाली आणि कढईतलं ढवळत राहिली. तिला रडू येत होतं, हे न कळायला मी काही आंधळी नाही.

शनिवार उजाडला. वहिनीने काकांना अडगळीच्या खोलीत बोलावलं. ब्रश धुवायचं बेसिन तिथेच आहे, त्यामुळे मी आत होतेच, आणि बाहेर जायचा माझा मुळीच विचार नव्हता.

"काका," तिने सुरुवात केली, "तुमच्या इतक्या वर्षांच्या..."

"ताई, मला कळलंय," काका म्हणाले. "तो फोटो सुनेने दाखवला. नियम मोडला मी. उद्यापासून, म्हणजे पुढच्या शनिवारपासून येत नाही." ते थांबले. मला वाटलं संपलं, कारण त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. पण ते पुढे बोलले. "फक्त माफी मागा म्हणू नका. सहा वर्षं हात शिवशिवत होते हो. लहानपणी आमच्या घरात खडू कुणी आणला नाही, पुढे हाताला कायम ग्रीस. एक रेघ ओढली ताई, तर रात्री झोप लागेना, इतकं बरं वाटलं."

मी नळ बंद केला. वहिनी वळली, दादाने ठोकलेल्या फळीवरून एक गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद काकांपुढे ठेवला. विद्यार्थी प्रवेशाचा फॉर्म.

"हा लहान मुलांचा आहे," काका म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. मुलं पाच वर्षांपासून घ्यायची की सहा, यावर समितीने तीन बैठका घालवल्या होत्या. किती वर्षांपर्यंत घ्यायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काकांनी चष्मा चढवला आणि वयाच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"पालकाची सही मागतात. माझे आईवडील जाऊन तीस वर्षं झाली."

वहिनीने पेन घेतलं आणि सही ठोकली. 'विद्यार्थ्याशी नातं' या रकान्यात तिने लिहिलं, 'ताई.' तिच्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, पण सहा वर्षं तिला ताईच म्हणत होता, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं.

दहा वाजता काका खिडकीजवळच्या बुटक्या स्टूलावर बसले. गुडघे छातीपर्यंत आले होते. समोर कोरा कागद. शेजारी ती रडकी मुलगी; तिने स्वतःहून आपली खडूंची पेटी मधे सरकवली. भिंतीला टेकून उभे असलेले बाकीचे स्वयंसेवक असे बघत होते, की प्रत्येकाला एक फॉर्म हवा आहे हे मला तरी स्पष्ट दिसलं. वहिनीने जमवलेले सगळे स्वयंसेवक आज ना उद्या विद्यार्थी होऊन बसणार होते आणि ती मात्र शांत उभी होती.

साडेदहाला संचालकबाई आल्या. "हे अजून इथे कसे?"

"काकांना निरोप दिला मॅडम," वहिनी म्हणाली. "हे नवीन विद्यार्थी आहेत." आणि तिने फॉर्म पुढे केला.

बाईंनी तो वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. पुन्हा पुढची वाचली. मुलांचे आईबाप दारात उभे होते, फोटोवाल्या बाईंनी मोबाईल वर धरला होता. वहिनीची नोकरी त्या कागदावर होती आणि तिने तो बाईंच्या हातून परत घेतला नाही.

शेवटी बाई फॉर्म घेऊन सरळ काकांपाशी गेल्या. काकांनी कागदाच्या मधोमध काहीतरी उभं काढलं होतं. लिफ्ट असेल, जिराफ असेल. खोटं कशाला बोलू, चित्र अगदीच वाईट होतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, दाराकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं. विद्यार्थ्याच्या चित्रासमोर उभं राहून जे एकच वाक्य बोलायची परवानगी होती, ते त्यांनीच भिंतीवर लावलेलं होतं.

"तुमच्या चित्रात," बाई म्हणाल्या, "काय चाललंय, सांगता?"

काकांनी मान वर केली नाही.

"अजून व्हायचंय," ते म्हणाले. "तुम्ही उजेडात उभ्या आहात. जरा बाजूला व्हा."

माझ्या हातातल्या ओल्या ब्रशांचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

संचालकबाई बाजूला झाल्या.