म्हातारीच्या पोटातला दाणा

आमच्या जीपची गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितली. मुलं म्हणतात, आईची जीप एकदा सुटली की ब्रेक लागत नाही. पण दर वेळी त्यातला एक तुकडा मी गुपचूप गिळत आले. ह्यांना तो ठाऊक नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. आज तुमच्यापाशी काढते आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तर, जीप. रत्नागिरीच्या जरा बाहेर आमचं घर, त्याच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, ती उभी असायची. मिलिटरीने लिलावात काढलेली, पेट्रोल पिणारी, माझ्याहून वयाने मोठी. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती आणली आणि नाव ठेवलं म्हातारी. मामंजींचा उभा जन्म मुंबई-रत्नागिरी आगबोटींच्या इंजिनखात्यात गेला. बोटी बंद झाल्या, घरी आले, पण स्वस्थ बसवतंय कुठे? म्हातारीचं कापडी छप्पर उतरवून पत्र्याचं केलं. मागे फणसाच्या फळ्यांचे बाक ठोकले — एरवी माणसं, वैशाखात आंब्याच्या पेट्या. बागेच्या वाटेवर पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आडवा येई. त्याचं पाणी आत शिरू नये म्हणून धुराचा पाइप वाकवून थेट छपराच्या वर नेला. सगळी वाडी हसली, पाणी तापवायचा बंब चाललाय म्हणाली. हसेनात का! पऱ्ह्याला पाणी आलं की दुसऱ्यांच्या गाड्या अलीकडे उभ्या, आणि आमची म्हातारी धूर ओकत पलीकडे.

मामंजींचा अभिमान एकच होता. “माझ्या हातचं इंजिन वाटेत कधी थांबलेलं नाही,” म्हणायचे. चहा पिताना त्यांची बशी हलायची, डोळ्यांना जवळचं कमी दिसायचं, पण हातात पाना आला की हात अगदी स्थिर. मी डोळ्यांनी बघितलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं नवं लग्न, सासरचा पहिला दसरा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून पूजेचं ताट माझ्याच हातात. आणि मी कुठली? दाभोळची. वडिलांची तरीची होडी, खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी. आमच्याकडे होडीची पूजा म्हणजे हात भरून अक्षता — पुढच्या टोकाला नाळीवर, तळात, वल्ह्यांवर, जितक्या जास्त तितकी बरकत. होडीला काय, अपचन थोडंच होतंय?

त्या सकाळी म्हातारीचं बॉनेट उघडं होतं. मामंजी कार्बोरेटर बसवत होते, म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारी ती वाटीएवढी वस्तू. झाकण काढलेलं, कारण मधलं कागदी पॅकिंग कापायचं राहिलं होतं. ते आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेतून कापायचे हो! जाड कागद, वाया का घालवा? कात्री आणायला ते आत गेले. इकडे मुंबईहून नणंद आणि तिचे यजमान आलेले, सगळ्यांना गणपतीपुळ्याला निघायची घाई. वहिनी, पूजा उरका, वहिनी, पूजा उरका. मी उरकली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि माहेरच्या सवयीने — मूठभर अक्षता उघड्या इंजिनावर.

दोन-तीन दाणे त्या वाटीत पडताना मला दिसले.

दिसले. त्यात शंका नाही. मनात आलंही, मामंजींना सांगावं का? पण नवी सून, पहिला दसरा, समोर जावईबापू. आणि देवाच्या अक्षता, त्यांनी काय वाईट होणार? मामंजी आले, पत्रिकेचं पॅकिंग ठेवलं, झाकण बसवलं. मी ताट घेऊन घरात.

पुळ्याच्या वाटेवर जांभ्याचा एक उभा चढ होता. सपाटीवर म्हातारी शहाण्यासारखी चालली. चढाला लागली, खोकली, आणि बंद. थोडं थांबलं की सुरू व्हायची, दहा पावलं जायची, परत बंद. आम्ही उतरलो, ढकलली. जावईबापूंची पांढरी टेरिकॉटची पँट लाल मातीने भरली. नणंद हसायला लागली, ते बघून मला हसू आवरेना. मामंजी मात्र इंजिनाला कान लावून म्हणाले, पेट्रोलात काहीतरी अडकतंय, उघडून बघतो. त्यावर हे — माझा नवरा तसा वाईट नाही, पण मेहुण्यांसमोर लाज गेली म्हणून तापलेला — म्हणाले, “बाबा, आता पुरे. तुमचे हात राहिले नाहीत. ह्यापुढे गाडीला हात लावायचा नाही.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. काय अडकलंय, ते त्या चढावर एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

गाडी उलटी फिरवून आम्ही घरी आलो. वाटभर मामंजी स्वतःच्या हातांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पाने तेलाने पुसले, खाकी गुंडाळीत ठेवले आणि गुंडाळी खुंटीला टांगली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे ओटीवर बसले, आणि दिवाळी आली तरी तिथेच बसून होते. ह्यांनी जीप विकायची भाषा सुरू केली.

मला राहवलं नाही. हे कचेरीत गेलेले बघून मी पदर खोचला, गुंडाळी काढली आणि म्हटलं, मामंजी, तुम्ही सांगा, मी करते. त्यांनी ओटीवरची खुर्ची खळ्यात ओढली. मग हळूच म्हणाले, आधी तो पाना सरळ धर गो, लाटणं नव्हे ते. आणि मी, तुम्हाला खरं सांगते, त्या घरात पहिल्यांदा मनापासून हसले.

कार्बोरेटरचं झाकण मी उघडलं. आत, तळाशी, पेट्रोल जिथून पुढे जातं त्या भोकाच्या तोंडाशी — कुंकवाने गुलाबी झालेला तांदळाचा दाणा. मी तो बोटावर घेतला. मामंजी खुर्चीवर, हातभर अंतरावर, डोळे बारीक करून.

“काय सापडलं गो?”

“गाळ,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “म्हणजे माझ्याच हातून साफ व्हायचा राहिला. पोराचं बरोबर आहे, हात गेलेच माझे.”

दाणा मी खळ्यात टाकला. चिमणीने उचलला असेल.

आता तुम्ही म्हणाल, भीतीने खोटं बोललीस. तेव्हा भीतीच होती. पण पुढे? पुढची वर्षं सांगू का कशी गेली? अहो, सुखात! डोक्याच्या तेलाला रॉकेलचा वास, नखांत ग्रीस, आणि मी गात गात म्हातारीच्या पोटाखाली. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायला मामंजींनी दुमडलेलं पोस्टकार्ड वापरायला शिकवलं. ब्रेकमधली हवा काढायची तर एकाने आत पायडल दाबायचा, दुसऱ्याने खाली नट सोडायचा. मग मी जमिनीवर आडवी होऊन ओरडायचे, दाबा! धरा! सोडा! आणि सासरे निमूट ऐकायचे. वाडीतल्या बायका कुंपणापाशी येऊन हे बघायच्या. रत्नागिरीत सासऱ्यावर इतकं कोण ओरडलं असेल? मामंजी म्हणायचे, आगबोटीवरच्या साहेबापेक्षा ही कडक आहे. हेसुद्धा विरघळले. जीप विकायची भाषा पुन्हा निघाली नाही.

पण पाना मामंजींनी परत धरला नाही. मी कधी पुढे केला तर हात मागे घ्यायचे, नको गो, माझ्या हातून राहून जातं म्हणायचे. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. ते मी का बोलले नाही? कारण बोलले असते तर ते उठले असते, पाना माझ्या हातून घेतला असता, आणि मी परत चुलीपाशी. मला ते नको होतं. भीती कधीच संपली होती, ही हाव होती. त्यांची जागा मला आवडली होती.

पुढच्या दसऱ्यापर्यंत मी चालवायलाही शिकले, आणि तोच चढ म्हातारीला घेऊन चढले. हे मागच्या बाकावर जीव मुठीत धरून, मामंजी शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत. वर पोचल्यावर खाली समुद्र दिसला आणि मामंजींनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला जो येईल त्याला ते सांगायचे, माझ्या चुकीने म्हातारी थांबली होती, सुनेने चालती केली. किती कौतुकाने सांगायचे! मी चहा घेऊन यायचे, तो ‘चूक’ शब्द ऐकायचे आणि लाजल्यासारखं करायचे. हे सात वर्षं चाललं. मग ते गेले.

म्हातारी अजून खळ्यात आहे. महिन्यातून एकदा मी तिला सुरू करते. दसऱ्याला आधी बॉनेट बंद करते, मग अक्षता वाहते. मुलांना वाटतं, आईची काहीतरी जुनी रीत आहे.

तो गाळ नव्हता, मामंजी. तांदूळ होता, मी टाकलेला. तुमच्या हातचं इंजिन वाटेत कधीच थांबलं नव्हतं.