रेडिओतून आलेलं 'पानी'

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पोरं भुताच्या गोष्टी सांगायला लागली की मी त्यांना फळ्यावर आकृती काढायला लावायचो. तरीही हे लिहितोय... हसायचं तर हसा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही वसईजवळच्या सांडोरचे. घरची केळीची वाडी, विहिरीवर रहाट. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आमच्या आईला विषमज्वरानंतर कमी ऐकू यायला लागलं होतं. आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. पूर्वी वाडीत सतत गाणारी आमची आई तापानंतर गायचीच थांबली.

आणि माझ्या थोरल्या बहिणीला, कुसुमताईला, रेडिओवर गायला बोलावणं आलं! दुपारचा बायकांचा कार्यक्रम, एकच गाणं, तेही थेट. गाणं आईनंच रचलेलं – 'रहाटाचं पानी आलं केळीच्या पायी'. ते आईला ऐकू आलंच पाहिजे, असा दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ध्यासच घेतला. आमचा बॅटरीवरचा रेडिओ तर पडसं झाल्यासारखा बोलायचा. म्हणून दादांनी मुंबईच्या दुकानातून तीन लाउडस्पीकर पारखायला आणले. आवडेल तो ठेवायचा, बाकीचे परत.

आईला समोर बसवून दादा एकेक जोडत गेले. पहिला पत्र्याचा भोंगा. आई दचकली, "कोन भांडतंय?" दुसरा कपाटाएवढ्या खोक्यात. "जातं फिरतंय वाटतं," आई म्हणाली. तिसरा एवढासा, सागवानी पेटीतला. आवाज बेताचा. आईनं मान तिरकी केली. "बाई हसली... हसली ना?" रेडिओवरची बाई खरंच हसली होती! मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे, हे मी फिजिक्सच्या पुस्तकाआधी आईकडून शिकलो.

एकच मेख होती. तालमीत रेडिओवाल्या बाईंनी ताईला बजावलं होतं – 'पानी' नाही, 'पाणी' म्हणायचं. आमच्या घरात 'ण' पाहुण्यासारखा, कधीतरी यायचा. ताई आठ दिवस 'पाणी, पाणी' घोकत होती. आईला कळलं तशी ती फणकारली, "माझ्या गान्याला कशाला शाळेत घालता?"

त्या दुपारी शेजारच्या काकीही येऊन बसल्या. ताईचा आवाज आला. आई पेटीकडे एकटक बघत होती. आणि ताई गायली – 'पानी'. एकदा नाही, तीनदा. स्वच्छ, घरचं 'पानी'. आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, डोळ्यांतून धारा. दादा तर चक्क नाचले!

संध्याकाळी ताई आली. मी चिडवलं, "शेवटी 'पानी'च म्हणालीस! बाई रागावल्या असतील."

"वेडा आहेस का? तिन्ही वेळा 'पाणी' म्हटलं. बाईंनी पाठ थोपटली माझी."

आम्हाला वाटलं, घाबरून चुकली असेल, आता कबूल करत नाही. पण दोन दिवसांनी गिरगावहून मावशी आली, तिनं तिच्या घरी कार्यक्रम ऐकला होता. आल्या आल्या म्हणाली, "कुसुम, काय शुद्ध 'पाणी' म्हणालीस गं!" मग दादांनी त्याच पेटीवर बातम्या लावल्या. त्यात पाणीपुरवठ्याचं काहीतरी होतं. 'ण' अगदी ठणठणीत! पुढं वीस वर्षं ती पेटी आमच्याकडे होती, तिनं पुन्हा कधी 'ण'चा 'न' केला नाही.

मी काय काय तर्क लढवले... स्पीकरच्या शंकूचा कागद, बॅटरी, हवा. पण एकाच वेळी गिरगावात 'ण' आणि सांडोरात 'न'? चार माणसांच्या कानांना? मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, आता शोधतही नाही.

आईला मात्र कोडं पडलंच नाही. ती ताईला म्हणाली, "मला नको शिकवू. मी ऐकलं ना."

तिचे कान पुढंही तसेच राहिले. पण कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वाडीतून मोठ्ठ्यानं गाणं ऐकू आलं. सूर सगळा सुटलेला, ताल भलतीकडेच. मी धावत गेलो, तर दादा हातातलं काम टाकून बांधावर बसले होते. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि शेजारी बसायला जागा दिली.