शाळेनं बायकोला बोलावलं

गावात चार शब्द बोलायचे म्हटले की लोकांना मीच आठवतो, असा माझा समज होता. शिकलो चौथीपर्यंतच, पण पोळ्याला, लग्नात बोलायला उभा मीच राहायचो. म्हणून शाळेच्या मॅडम ओसरीवर आल्या तेव्हा मी टोपी नीट केली. त्या म्हणाल्या, "आजी आहेत का घरी?"

छोट्या कर्जानं माणूस गरिबीतून कसा वर येतो, हे बायकोनं शाळेत येऊन पोरांना सांगायचं होतं. आमच्या हिनं बचत गटाकडून कर्ज काढून मिरची कांडपाची मशीन घेतली. सारी गल्ली शिंकते, पण मसाला मोताळ्याच्या बाजारात दुपारपर्यंत संपतो. घरावर स्लॅब टाकला तो त्यातूनच, हे मी नाकारत नाही. पण जन्मभर शेत मी वाहिलं, त्याचं कोणी विचारलं नाही.

बोलावणं नसताना मी गेलोच. मागं भिंतीला टेकलो. बायको खुर्ची सोडून खाली पोरांत बसली. पोरांचे गट पाडले, चिंचोक्यांचे पैसे केले अन् म्हणाली,

"ज्याले पाह्यजे त्यानं मांगायचं, कायले पाह्यजे ते सांगायचं. बाकी साऱ्यांनी हात वर केला तरच भेटन. अन् त्यानं बुडवलं, तर बाकीच्यांनी भरायचं."

कोणी शेळी मागितली, कोणी शिलाई मशीन. माझी नात त्याच वर्गात. आजीच्या तोंडाकडे ती जसं पाहत होती, तसं मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला राहवेना. तिच्या गटात जाऊन बसलो.

"मलेही कर्ज पाह्यजे."

"कायले, आबा?" नातीनं विचारलं.

"कायले म्हंजे? मी मांगतो ना!"

"असं नसते आबा. आजीलेबी सांगा लागलं होतं."

"तुह्या बापाले मी वाढवलं, अन् तू मले विचारते काय वं?"

पोरं हसली. भीतभीत बाकीच्यांचे हात वर गेले. नातीचा खालीच. मी बायकोला म्हटलं, "सांग ना तिले."

"मी कोण सांगणारी? गट तिचा हाय."

त्या रात्री मी जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही. दोघी मिरच्यांचे देठ मोडत गप्पा करत होत्या.

पुढच्या आठवड्यात शाळेत परत तोच खेळ. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो अन् नातीसमोर बसून सांगितलं, "लिंबाची कलमं लावायची हायेत."

"लिंबं लागेपर्यंत हप्ता कायच्यातून भरसान?"

"कलमांच्या मधात मेथी लावीन, सांभार-कोथिंबीर लावीन. बाजारात इकीन."

"अन् उन्हाळ्यात? तवा तर विहीर आटते."

याचं उत्तर माझ्यापाशी एकच होतं, अन् तेच द्यायचं नव्हतं. शेवटी म्हटलं, "उन्हाळ्यात आजीच्या मशीनवर मजुरी करीन."

पदर तोंडाला लावून ही म्हणाली, "मजुरी काम पाहून भेटन. नवरा म्हणून नाही."

पोरं लोळली. नात हसली नाही, विचार करत राहिली. मग तिनं हात वर केला. साऱ्यांच्या शेवटी. पण त्याआधी एकदा आजीकडे पाहून घेतलं. कर्ज भेटलं मला, पण ते पाहणं अजून सलतं.