टीव्हीचा मोठा आवाज

दुपारी माहेरी पोचले, तर टीव्हीचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. आत आई एकटी, आणि तिचं टीव्हीकडे लक्षही नव्हतं. मी चिडून रिमोट उचलला आणि लहानपणची एक दुपार आठवली.

बाबा हातमागावर बसलेले. त्या खटखटीत ऐकू यावं म्हणून आई टीव्हीचा आवाज पुरा वाढवायची. त्या दिवशी धागा तुटला, माग थांबला आणि मालिकेतली सासू एकदम घरभर किंचाळली.

"बहिरी झाली का वं? कमी कर!" बाबा ओरडले. मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

आता बाबा नाहीत. मागही विकला.

"राहू दे वं," आई म्हणाली. "आवाज कमी केला का माग थांबल्यावानी वाटते मले."