चिखलात पडलेला नवरदेव

मी ठाण्याच्या शाळेत मास्तर होतो. एकदा आगगाडी चुकली म्हणून कोपरला होडीनं निघालो. वल्ही मारता मारता होडीवाला लग्नातलं एक गाणं म्हणत होता. त्यातला नवरदेव होडीतून उतरताना बाशिंगासकट चिखलात पडतो, आणि नवरी पोट धरधरून हसते.

"कोणाचं हे गाणं?" मी विचारलं.

"माजंच! मीच परलो व्हतो," तो छाती फुगवून म्हणाला. "बायकोनी रचलं. आता गावोगाव लग्नान बाया गातान."

"राग नाही आला?"

"आल्ता. दोन म्हयने बोललो नाय तिचेशी. मंग लोक माना लग्नाला बोलवून पयले पंगतीला बसवाया लागले."

उतरताना मी नाव विचारलं.

"नाव कोनाला ठावं? चिखल्या नवरा इचारा, कोनी पन घर दावील."

ठाण्यात मला वीस वर्षं झाली होती, पण माझं घर शेजारच्या आळीतही कुणी दाखवलं नसतं.