फळ्यावर भावाचं नाव

माझा थोरला भाऊ हुतूतूत लबाडी करून जिंकला होता, हे मीच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितलं की माझं टाळकं सटकतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर चाळीत राहायचो आणि भाऊ आमच्या मंडळाचा कप्तान होता. अंतिम सामना अंधेरीच्या संघाशी होता. शेवटच्या चढाईत त्याने तिघांना शिवलं, पण परतताना एकाने त्याचा घोटा धरला. भाऊ फरपटत निघाला, तोंडाने 'हुतूतू' चालूच, आणि मधल्या रेघेला हात लावला. पंचांनी तिघांनाही बाद दिलं. ढाल आमची! गुलाल काय, ताशे काय, अख्खी टेकडी नाचली. मीही नाचले.

त्यानंतर आठ दिवस भाऊ नीट जेवला नाही. नवव्या दिवशी मंडळात गेला आणि म्हणाला, "रेघ हातभर राहिली असताना माझा दम तुटला. मी मध्येच श्वास चोरून घेतला." म्हणजे बाद तोच होता. लोकांच्या आरडाओरड्यात पंचांना काही कळलं नव्हतं.

झालं, वाट लागली! ढाल परत गेली, मंडळावर वर्षभर बंदी आली, भावाला काढून टाकलं. आणि गंमत बघा, लबाडी केली म्हणून चिडलेले थोडे, कबूल केली म्हणून चिडलेलेच फार. आई म्हणाली, "मेल्या, तोंड कित्याक उघडलंस?" मी तर महिनाभर त्याच्याशी बोललेच नाही. त्याची अजून लाज वाटते मला.

तीनेक वर्षांनी मंडळाला पक्की खोली मिळाली. भिंतीवर सगळ्या कप्तानांच्या नावांचा फळा लावायचं ठरलं, आणि भावाचं नाव घालायचं की नाही यावर एका रविवारी सकाळी सभा बसली. आम्ही बायका दारातून ऐकत होतो. अध्यक्ष म्हणाले, "मानाचा फळा आहे. असल्या माणसाकडून पोरांनी काय शिकायचं?"

मी सरळ आत घुसले. "त्याचा दम तुटलेला तुमच्यापैकी कुणाला कळला होता का हो? तो गप्प बसला असता तर ती ढाल आज याच भिंतीवर असती आणि तुम्हीच तिला हार घातला असता!"

मग एकेक हात वर झाला. शेवटी अध्यक्षांनीही कुरकुरत केला.

मी धावतच घरी आले. भाऊ दाढी करत होता. बातमी ऐकून म्हणाला, "नुसतं नाव नको. दम तुटला होता, तेही पुढे लिहायला सांग."

"वेडा आहेस का रे? जन्मभर लोक वाचतील!"

"वाचू देत ना. नाहीतर नावच नको."

तासभर भांडले त्याच्याशी, पण तो हलेना. पेंटर आला तेव्हा मी स्वतः शेजारी उभं राहून लिहून घेतलं. भावाच्या नावापुढे, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत: 'शेवटच्या चढाईत दम तुटला. स्वतः सांगितले.'

संध्याकाळी भावाने फळा वाचला आणि माझ्यावर डोळे वटारले. "दुसरं वाक्य कुणी घालायला सांगितलं? पुसून टाक ते."

"नाही पुसत, जा!" मी म्हटलं.