विहिरीची धाव

मला पदवीपर्यंत पोचवलं ते बापूअण्णांनी. ते धारूरजवळच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. परवा दवाखान्यात निलगिरी तेलाचा, अण्णांच्या पायाला चोळायचो त्याच तेलाचा, वास आला आणि कोरड्या विहिरीची धाव, मोटेच्या बैलांची ती उतरती वाट, डोळ्यांपुढं आली.

माझ्या पदवीच्या शेवटच्या वर्षी दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत गेली होती आणि सोसायटी मोडायला सभा बोलावली होती. लकव्यातून उठलेल्या अण्णांना डॉक्टरांनी तोल सावरण्यासाठी उलटं चालायला सांगितलं होतं, पण मागं माणूस ठेवून. अण्णा ते धावेवर करत. मोटेचे बैल सरायचे तसे ते पाठमोरे विहिरीकडं सरकत. डावा पाय खडे ओढत यायचा. मी काठाशी हात पसरून उभा असे.

"अण्णा, अंगणात चाला की."

"बैलं कवा पडली व्हती का रं? सभेत काठी टेकवत न्हाई जायचं मला. तू जा, पेपर दे."

"मग मागं कोण थांबंल?"

"विहीर हाय की!"

तेव्हा मीही हसलो होतो. आज ते हसू ऐकवत नाही. मी परीक्षेला शहरात गेलो आणि पहिला पेपर देऊन पत्र टाकलं. ते पोचलं तेव्हा अण्णा नव्हते; धावेवरून पाठमोरे विहिरीत गेले होते.

"अण्णा, पेपर चांगला गेला. मी येईस्तोवर धावेवर जाऊ नका. मागं मी नाही."